पावणेदोन लाखांची हजेरी

अंबरनाथ स्थानकाच्या पूर्वेस उतरून, रिक्षात चौथा उतारू म्हणून अर्धे अंग बाहेर ठेवून जो मनुष्य आनंदनगरच्या औद्योगिक वसाहतीकडे प्रयाण करतो, त्याला वाटेतच कळून चुकते की, आपण मोजमापाच्या मुलखात प्रवेश करीत आहोत. येथे ट्रक रिकामा येताना काट्यावर चढतो आणि भरून जाताना पुन्हा काट्यावर चढतो. येथे बॉयलरच्या दाबाची नोंद दर तासाला होते, आम्लाची तीव्रता थेंबाथेंबाने ठरते, सांडपाण्याचा नमुना बाटलीत भरून त्यावर सही-शिक्का होतो, आणि कामगार खरोखरच हजर झाला याची ग्वाही त्याच्या अंगठ्याचा ठसा पाहून यंत्र देते. अशा या मुलखात ज्या एका गोष्टीचे मोजमाप कोणी कधी मागितले नव्हते, मागण्याचे कारण नव्हते आणि मिळाल्यावर ज्याचे काय करावे हे आजतागायत कोणास उमगलेले नाही, त्या गोष्टीच्या मोजमापासाठी आमच्या कचेरीत एक समिती बसली. आणि तिचा लेखनिक म्हणून, केवळ अक्षर बरे या एका अपराधाबद्दल, प्रस्तुत लेखकाची नेमणूक झाली. ती गोष्ट म्हणजे, एका फोल्डरातील फाइलींची यादी करण्यास एका स्क्रिप्टला लागणारा वेळ.

हा फोल्डर आमच्या सर्व्हरवर वास्तव्य करून असून त्याचे नाव ‘न्यू फोल्डर (२)’ असे आहे. ‘मग न्यू फोल्डर (१) कोठे आहे?’ अशी पृच्छा प्रत्येक नवा कारकून रुजू होताच करतो. वास्तविक तो कधी नव्हताच, कारण विंडोजचा शिरस्ताच असा की, पहिल्याला क्रमांक द्यायचा नाही आणि दुसऱ्यापासून कंसात मोजदाद आरंभायची. कोणे एके काळी तात्पुरती सोय म्हणून उघडलेल्या या जागेत पुढे कारखान्याबाहेर पडणाऱ्या प्रत्येक ट्रकचे चलन, प्रत्येक गेटपास आणि मालाच्या प्रत्येक खेपेचा चाचणी-दाखला स्कॅन होऊन पडत गेला, आणि तात्पुरत्या सोयीला आपल्याकडे जे दीर्घायुष्य लाभते ते हिलाही लाभून, आज तिची लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या घरात गेली आहे. नावे ठेवण्याची पद्धत मात्र कारकुनागणिक बदलत गेली. एकाने ‘चलन-२’, ‘चलन-१०’ अशी नावे दिली, त्यामुळे वर्णानुक्रम लावताच दहावे चलन दुसऱ्याच्या पुढे जाऊन बसू लागले. दुसऱ्याने ट्रकच्या क्रमांकावरून नावे ठेवली. तिसरा वृत्तीने भाविक असल्याकारणाने प्रत्येक नावाआधी ‘श्री’ घाली, सबब त्याच्या कारकिर्दीतील समग्र वाहतूक आजही एकाच अक्षराखाली दाटीवाटीने उभी आहे. चौथ्याच्या अमदानीतील ‘फायनल’, ‘फायनल-नक्की’ आणि ‘फायनल-यापुढे-बदल-नाही’ या फाइलींविषयी, तो आता दुसऱ्या कारखान्यात असल्यामुळे, मी काही बोलत नाही.

एके दिवशी एका जुन्या ग्राहकाने कुठल्याशा जुन्या चलनाची प्रत मागितली आणि हा फोल्डर उघडण्याचा प्रसंग आला. फोल्डर उघडला, म्हणजे त्यावर टिचकी मारली. खिडकीच्या माथ्यावर एक हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे निघाली आणि अर्ध्यावर आल्यावर, पुढे जावे की न जावे या विवंचनेत, तेथेच थबकली. आमचे हेडक्लार्क भाऊसाहेब यांनी तेवढ्यात डबा सोडला, जेवले, डबा धुतला, सुपारी कातरली आणि परत येऊन पाहतात तो पट्टी दोन बोटे सरकलेली. नेमक्या त्याच वेळी शेठ आत आले.

“साईं, हे काय चाललंय?”

“फोल्डर उघडतोय, शेठ,” भाऊसाहेब म्हणाले.

“सकाळीपण उघडत होता ना?”

“तोच उघडतोय.”

संगणकाची व्यवस्था पाहणारा आमचा मुलगा बदलापूरचा. वय लहान, बोलणे थोडे, आणि कानात सदैव काहीतरी खुपसलेले. तो म्हणाला, “शेठ, एक्सप्लोरर प्रत्येक फाइलचं चित्र काढत बसतो, म्हणून वेळ लागतो. मी स्क्रिप्ट लिहून देतो. ती फक्त नावं काढेल. लगेच होईल.”

येथपर्यंत सर्व ठीक होते, आणि येथेच जर प्रत्येकजण आपापल्या जागी जाऊन बसता, तर हा लेख लिहिण्याची वेळ येती ना. परंतु ज्यांच्या सबंध हयातीत ‘लगेच’ या शब्दावर भरवसा ठेवल्याने एकही काम लगेच झालेले नाही, असे भाऊसाहेब चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, “लगेच म्हणजे किती?”

मुलगा गप्प राहिला. शेठ मुलाकडे पाहू लागले. आणि मग, ज्या माणसाने ट्रकभर माल काट्यावर न चढवता कधी बाहेर सोडला नाही, त्याच्या तोंडून साहजिकच पुढले वाक्य बाहेर पडले: “मोजा.”

समितीत भाऊसाहेब, स्टोअरकीपर, तो मुलगा आणि लेखनिक या नात्याने मी, असे चौघे होतो. पहिला वाद घड्याळावरून झाला. भाऊसाहेबांचे घड्याळ चावीचे आणि त्यांच्या लग्नातले. स्टोअरकीपरचे मोबाइलमधले, ज्यात सेकंदाचे शंभरावे भागही धावताना दिसतात. आणि माझे, लोकल चुकू नये म्हणून कायम काही मिनिटे पुढे लावून ठेवलेले. माझे घड्याळ पुढे आहे म्हणून ते जलदही चालत असले पाहिजे, असा आक्षेप स्टोअरकीपरने घेतला. पुढे असणे आणि जलद असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्याला समजावून सांगताना असे ध्यानात आले की, समितीत हे फक्त मला आणि त्या मुलालाच पटलेले असून, मुलाला घड्याळाचीच गरज नाही. स्क्रिप्ट स्वतःच आपला वेळ मोजून शेवटी छापते, असे तो म्हणाला.

“म्हणजे चोरानं स्वतःच पंचनामा लिहायचा?” भाऊसाहेब म्हणाले, आणि तो मार्ग कायमचा बंद झाला.

पहिली खेप झाली. स्क्रिप्ट निघाली, पडद्यावर नावांचा धबधबा सुरू झाला, आणि आम्ही सर्व, नायगरा पाहावयास गेलेल्या मंडळींप्रमाणे, त्या धबधब्याकडे स्तब्ध होऊन पाहत राहिलो. सुमारे साडेतीन मिनिटांनी तो थांबला. मी तो आकडा नोंदवला आणि खाली रेघ मारली. स्टोअरकीपर म्हणाला, मी घड्याळ उशिरा दाबले, पुन्हा करा. पुन्हा केले. या वेळी धबधबा अर्ध्याहूनही कमी वेळात संपला.

समितीच्या कामकाजातील सर्वांत दीर्घ प्रकरण येथून सुरू होते.

एकच स्क्रिप्ट, एकच फोल्डर, एकच सर्व्हर, तेच साक्षीदार. आणि वेळ मात्र निम्म्याहून खाली. भाऊसाहेबांनी मुलाकडे असे पाहिले, जसे ते पगारपत्रकात ओव्हरटाइमचे तास दुप्पट लावणाऱ्याकडे पाहतात. मुलाने काकुळतीने खुलासा केला की, संगणकाने एकदा डिस्कवरून वाचलेला मजकूर तो लगेच टाकून देत नाही. जागा असेल तोवर मेमरीत धरून ठेवतो, आणि पुन्हा तोच प्रश्न आला की डिस्कपाशी न जाता मेमरीतूनच उत्तर देतो. पहिल्या खेपेला त्याला खरोखर धावपळ करावी लागली. दुसऱ्या खेपेला त्याने ऐकीव उत्तर दिले.

“त्यात काय चुकलं?” भाऊसाहेब अनपेक्षितपणे संगणकाच्या बाजूने उभे राहिले. “मलासुद्धा कुणी सकाळी विचारलं की गेल्या मार्चचं वीजबिल किती, तर मला कपाट उघडावं लागतं. दुपारी पुन्हा विचारलं तर मी बसल्याजागी सांगतो.”

“मग भाऊसाहेब, तुमचा वेग कोणता धरायचा? सकाळचा की दुपारचा?”

“अर्थात दुपारचा,” ते म्हणाले, आणि तत्क्षणी त्यांच्या लक्षात आले की आपण मुलाला दोषमुक्त केले आहे.

तेव्हा ठराव असा झाला की, प्रत्येक खेपेपूर्वी संगणकाला सर्व विसरावयास लावायचे. लिनक्स नामक कार्यप्रणालीत ही विस्मृती एका ओळीचा हुकूम देऊन आणता येते म्हणतात. आमच्या सर्व्हरवर ती आणण्याचा आमच्यापाशी एकच उपाय होता, तो म्हणजे सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करणे. सर्व्हर बंद करायचा म्हणजे हिशेबाचे सॉफ्टवेअर बंद, गेटवरचे चलन बंद, अंगठ्याचे यंत्र बंद. प्रत्येक खेपेला गेटवर ट्रक तुंबू लागले, चालक उतरून कचेरीच्या खिडकीशी येऊन ‘काय झालं?’ विचारू लागले, आणि त्यांना ‘यादी किती लवकर होते ते मोजतोय’ असे सांगण्याचा प्रसंग माझ्यावर येऊ लागला. एका चालकाने शांतपणे विचारले, “साहेब, यादी झाल्यावर गाडी सोडणार ना?” एका खेपेला तर पुन्हा चालू होताना सर्व्हरने अपडेट करावयास घेतले आणि ‘कृपया संगणक बंद करू नका’ अशा अर्थाची निळी पाटी लावून तो दुपारभर अंतर्धान पावला. त्या खेपेची नोंद मी ‘अद्याप चालू’ अशी केली आहे.

मध्यंतरी एक वेगळाच सिद्धांत प्रस्थापित झाला. दुपारी एकच्या सुमारास घेतलेल्या खेपा, काहीही केले तरी, सकाळच्या खेपांच्या तिप्पट लांबू लागल्या. भाऊसाहेबांनी त्यावर ताबडतोब निर्णय दिला: “जेवणानंतर यंत्रालाही जडत्व येतं.” हे विधान कचेरीत इतके लोकप्रिय झाले की, मुलाने खरे कारण सांगितल्यावर सर्वांना वाईट वाटले. खरे कारण असे की, विषाणूंचा शोध घेणाऱ्या सॉफ्टवेअरला रोज दुपारी एक वाजता साऱ्या डिस्कची झडती घेण्याचा हुकूम कोणीतरी पूर्वी देऊन ठेवला होता, आणि एकाच डिस्कवर एक शिपाई झडती घेत असताना दुसरा हजेरी घेऊ लागला की दोघेही खोळंबतात.

धबधब्याचाही निकाल लागला. मुलाने एकदा नावे पडद्यावर न छापता नुसती मोजली, आणि काय आश्चर्य, वेळ पुष्कळच खाली आला! म्हणजे आम्ही इतके दिवस जो वेळ अत्यंत गांभीर्याने नोंदवीत होतो, त्यातला मोठा वाटा यादी करण्याचा नसून यादी आम्हांला दाखविण्याचा होता. थोडा वाटा नावे वर्णानुक्रमे लावण्याचाही निघाला. लाखभर नावे क्रमाने लावायची तर साधारणतः सोळा-सतरा लाख वेळा दोन नावे परस्परांशी ताडून पाहावी लागतात, असे मुलाने गणित करून दाखविले. उरलेला बराचसा काळ प्रत्येक फाइलीची ‘तुझे आकारमान किती? जन्मतारीख कोणती?’ अशी जबानी घेण्यात जात होता. नुसती नावे, दिसतील त्या क्रमाने, कोणालाही न दाखविता काढली, तर काम काही सेकंदांचे होते. परंतु अशी यादी शेठना दाखविता येत नसल्यामुळे समितीने ती ग्राह्य धरली नाही.

या जबानीच्या बाबतीत जाणकारांच्या जगातही मोठी सुधारणा झालेली आहे. आमची स्क्रिप्ट पायथन भाषेत होती. त्या भाषेची जुनी रीत अशी होती की, कार्यप्रणाली नाव सांगतानाच ही फाइल आहे की आत आणखी फोल्डर आहे हेही सांगे, पण भाषा तेवढे नाव घेऊन बाकीचे ऐकले न ऐकले करी, आणि मग तीच माहिती विचारायला प्रत्येकाच्या दारी पुन्हा जाई. २०१५ साली निघालेल्या ३.५ या आवृत्तीत ‘स्कॅनडिर’ नावाची नवी सोय झाली, तिने पहिल्याच वेळी सांगितलेले लक्षात ठेवण्यास आरंभ केला. आणि एवढ्याने फोल्डरांच्या आतले फोल्डर धुंडाळण्याचे काम विंडोजवर आठ-नऊ पट आणि लिनक्सवर दोन-तीन पट जलद झाले, असे ती सोय सुचविणाऱ्यांनी मोजून नमूद केलेले आहे. पहिल्यांदा सांगितलेले नीट ऐकल्यास काम नऊ पट जलद होते, हा शोध आमच्या कचेरीस लागू करावा, अशी सूचना मी मांडली. तिच्या वेळी भाऊसाहेब फोनवर होते आणि नंतर त्यांनी मला ‘काय म्हणत होतात?’ असे विचारले.

तसे पाहिले तर फाइलींची यादी मागण्याची हौस संगणकास जन्मजातच जडलेली आहे. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठात, एकाच यंत्रावर अनेकांनी एकसमयावच्छेदे काम करावे अशी जी प्रणाली सिद्ध झाली, तिच्या अगदी आरंभीच्या मोजक्या आज्ञांत ‘लिस्टएफ’ ही यादीची आज्ञा होती, आणि तो महिना जुलै १९६१ चा होता. म्हणजे इकडे पानशेतचे धरण फुटून पुण्यातील घराघरांचे कागद मुठेच्या पाण्यात वाहून जात होते, त्याच महिन्यात तिकडे कोणीतरी आपले कागद शिल्लक किती आहेत ते यंत्राला विचारीत होता. त्याही पूर्वीची आमची परंपरा थोर आहे. पेशवे दप्तरातील रुमाल सोडून, मोडी वाचून, रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या अवधीत निवडक कागदांचे ४५ खंड बाहेर काढले. त्या वेळी त्यांच्या पाठीशी चावीचे घड्याळ घेऊन कोणी उभे नव्हते, आणि एक रुमाल दुसऱ्यांदा सोडल्यास किती लवकर सुटतो याचा तक्ताही कोणी मागितला नाही. मागितला असता, तर बहुधा खंड चारच निघते.

असो. यादी हाती आल्यावर भाऊसाहेबांनी तिची रुजुवात घेतली. म्हणजे मुलाने स्क्रिप्टकडून फोल्डरातील फाइलींची संख्या आधी मोजवून घेतली होती, ती आणि यादीतील ओळींची संख्या त्यांनी ताडून पाहिली. एकाचा फरक आला. यादीत एक फाइल जास्त.

एकाचा फरक म्हणजे काय, हे ज्याने कधी रोजकीर्द जमविली नाही त्याला कळणार नाही. शंभराचा फरक असता तर तो लिहिताना झाला असे म्हणून सोडता आला असता. एकाचा फरक हा मुद्दाम केलेला असतो. तहकीकात सुरू झाली. मुलाने दर खेपेला आधीची यादी पुसून पुन्हा मोजले, पुन्हा यादी काढली, पुन्हा एक जास्त. स्टोअरकीपरने तर्क केला की, आपण मोजत असताना गेटवर एखादे चलन स्कॅन होत असेल. म्हणून गेटवरचा स्कॅनर बंद करून त्यावर मनुष्य बसविला. तरीही एक जास्त. शेवटी भाऊसाहेबांनी पट्टी लावून यादीची एकेक ओळ वाचण्यास आरंभ केला, आणि दुसऱ्या दिवशी ‘य’ या अक्षरापाशी पोहोचल्यावर त्यांचा चेहरा उजळला. तेथे ‘यादी’ नावाची फाइल होती. आकारमान शून्य.

मुलाने कपाळाला हात लावला. यादी जेथे लिहायची ती फाइल त्याने त्याच फोल्डरात ठेवली होती. आणि यंत्राची रीत अशी की, आधी लिहावयाची कोरी फाइल उघडायची व मग मोजदाद सुरू करायची. तेव्हा मोजदाद करताना ती कोरी यादीही रांगेत उभी असते, आणि यादी मोठ्या प्रामाणिकपणे स्वतःचेही नाव लिहून घेते.

“म्हणजे हजेरी घेणाऱ्यानं स्वतःची हजेरी लावली,” भाऊसाहेब म्हणाले. “काही गैर नाही. मी रोज लावतो.”

यानंतर त्या मुलाविषयी भाऊसाहेबांच्या मनातील किंतु समूळ नाहीसा झाला, आणि ते त्याला ‘अहो’ म्हणू लागले.

त्या वाचनात आणखी एक गोष्ट उजेडात आली, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. फोल्डरातील हजारो फाइली चलनेही नव्हत्या आणि गेटपासही नव्हते. ती सूर्योदयाची, वाफाळत्या चहाच्या कपांची आणि दवबिंदूंसह गुलाबांची चित्रे होती. स्टोअरकीपरने आपला फोन भरला म्हणून त्यातील सर्व ऐवज ‘दोन दिवसांसाठी’ इथे आणून ठेवला होता. याबाबत त्याला दोष देणे अन्यायाचे होईल, कारण हा राष्ट्रीय प्रश्न आहे: भारतीयांचे फोन इतके लवकर का भरतात याचा शोध घेताना गूगलच्या मंडळींना अशा ‘सुप्रभात’ संदेशांचाच ढिगारा सापडल्याचे वृत्त ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने जानेवारी २०१८ मध्ये दिले होते. ‘मग ही काढून टाकू?’ असे मुलाने विचारताच स्टोअरकीपर दुखावला. “त्यातली बरीचशी मोठ्या साहेबांनी पाठवलेली आहेत,” तो म्हणाला. ती अजून तेथेच आहेत, आणि यादीच्या वेळात त्यांचा वाटा ती निमूटपणे उचलीत आहेत.

सर्व्हर वारंवार बंद करणे अशक्य झाल्यावर, समग्र फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून घरी शांतपणे मोजावा, असे ठरले. पेनड्राइव्ह मोठा, कोरा, आणि जागा भरपूर. फाइली जाऊ लागल्या, आणि वीस-बावीस हजार गेल्यावर यंत्राने साफ नकार दिला. जागा तर तीन चतुर्थांशाहून अधिक रिकामी. आम्ही पेनड्राइव्ह उलटा-सुलटा करून पाहिला, फुंकर मारून पाहिली. मुलगा म्हणाला, यावरची व्यवस्था फॅट-३२ या जुन्या पद्धतीची आहे. तीत एका फोल्डराच्या नोंदवहीत ६५,५३६ हून अधिक नोंदी मावत नाहीत, आणि नाव लांब असले की एकेक फाइल दोन-दोन, तीन-तीन नोंदी अडवते. तिसऱ्या कारकुनाने भक्तिभावाने घातलेले ते ‘श्री’ असे येऊन नडले.

अखेर अहवाल तयार झाला. त्यात पहिल्या खेपा निराळ्या, पुढच्या निराळ्या, जेवणापूर्वीच्या निराळ्या, दाखविलेल्या निराळ्या, न दाखविलेल्या निराळ्या, आणि ‘अद्याप चालू’ ही एक, असे तक्ते होते. प्रत्येक सभासदाने आपल्याला रुचलेला आकडा स्वतंत्र मत म्हणून जोडला होता. मी ते सर्व सुवाच्य अक्षरात लिहून शेठपुढे ठेवले. शेठनी पाने उलटली, एका तक्त्यावर बोट ठेवले, आणि म्हणाले, “साईं, त्या पार्टीला प्रत पाठवली का?”

कोणी काही बोलले नाही.

“त्यांचं पत्र काढा.”

पत्र निघाले. पहिल्याच ओळीत चलनाचा क्रमांक आणि तारीख लिहिलेली होती. भाऊसाहेबांनी तारीख पाहिली, ती ‘श्री’च्या कारकिर्दीतली असल्याचे ओळखले, मुलाला पूर्ण नाव सांगितले, मुलाने ते टंकले, आणि ओठ मिटण्याच्या आत चलन पडद्यावर होते. कोणाचे घड्याळ दाबलेले नव्हते. पावणेदोन लाखांत एकाचे नाव पूर्ण ठाऊक असले, म्हणजे सर्वांची यादी करावी लागत नाही. नावांचा निर्देश झाडाच्या फांद्यांसारखा लावलेला असल्याने यंत्र चार-दोन वळणांत नेमक्या ठिकाणी पोहोचते, असे मुलगा म्हणाला. आणि मग हळूच, हे आपण पहिल्याच दिवशी सांगणार होतो, पण ‘लगेच’च्या पुढे कोणी बोलू दिले नाही, असेही म्हणाला.

“अरे, हे मला विचारायचं,” शेठ म्हणाले. “१९४९ साली उल्हासनगर झालं तेव्हापासून आमचं घर तिथं आहे. आजोबा मिलिटरीच्या बॅरकीत राहिले. आजपण पत्ता काय? बॅरक नंबर, खोली नंबर. पोस्टमन काय पाचही कॅम्पांची यादी वाचत बसतो?”

“पण शेठ, नंबर ठाऊक नसला तर?” स्टोअरकीपरने शंका काढली.

“मग फिरेल दिवसभर. त्याचा वेळ मोजून मला काय करायचं?”

भाऊसाहेबांना हे बोलणे फार आवडले. त्यांनी त्यात आपली भर घातली की, येथल्या शिवमंदिरातला शके ९८२ चा शिलालेखही कोणालाही ताबडतोब दाखविता येतो, आणि त्याचे कारण त्याच्याशेजारी पावणेदोन लाख दुसरे शिलालेख आणून ठेवलेले नाहीत. यावरून फोल्डर सालवार आणि महिनावार विभागावा, असे सर्वानुमते ठरले. विभागणीसाठी मुलाने स्क्रिप्ट लिहिली आहे. ती किती वेळ घेईल, असे अद्याप कोणी विचारलेले नाही. भाऊसाहेब तोंड उघडू लागले की मी त्यांना सुपारी देतो.

दरम्यान आनंदनगरात आमच्या कचेरीकडे जुन्या चलनाची प्रत मागू इच्छिणाऱ्या सर्व व्यापाऱ्यांना, वाहतूकदारांना आणि हिशेब-तपासनिसांना नम्र विनंती आहे की, त्यांनी चलनाचा पूर्ण क्रमांक व तारीख ठळक अक्षरांत लिहून आणावी, दुपारी एक ते दोन या वेळात शक्यतो येऊ नये, आणि शुक्रवारी तर मुळीच येऊ नये. शुक्रवारी कारखान्याला सुट्टी असते.